यंदा चटणीला हात लावणार न्हाय

८ एप्रिल १९७५, सकाळी
ठरलं. यंदा चटणीला हात लावणार न्हाय. शिमग्यात शेजारच्या झुंबरबाईच्या दारात, चार बायकांत, माझी सून कालिंदी म्हणाली, आत्याबाईंची गेल्या सालची चटणी खारट झालती. खारट! आता जेवा वरीसभर बिनचटणीचं. सूड म्हंजे सूड. मला अक्षर येत न्हाय म्हणून हे तिच्याकडनंच लिहून घेतोय. हा पण सूडच. ल्ही, कालिंदी आगाऊ हाय. आगाऊ जरा मोठं काढ.

११ एप्रिल
उठलो न्हाय. संप हाय. लेक बाळासो विचारतोय, आई, पाय दाबू का? संप फोडायला आलाय. भिंतीकडं तोंड केलं.

१६ एप्रिल, दुपारी
वरसाच्या चटणीच्या मिरच्या आल्या, वाळत पडल्या. देठं काढायला मला कुणी बोलवंना. घास गिळवत न्हाय, उपास समजावा. रातभर डोळं टक्क उघडं. शत्रूवर पहारा नको? मधीच रडायला येतं, त्यो संपाचाच भाग. धाकटा नातू मांडीवर बसायला आला, त्याला पण परत धाडला. हे मातर प्लॅनमधी नव्हतं.

२२ एप्रिल, सकाळी
कालिंदी म्हणती, मनाच्या डॉक्टरकडं जाऊ. मी काय येडी हाय? झुंबरबाईला कळलं तर गल्लीभर बोंब. मग वाटलं, जावंच. डॉक्टरम्होरं सुनंची अब्रू काढावी. नवं लुगडं काढलं. नेसायचा जीव झाला न्हाय. हाय त्यावरच निघालो.

त्याच दिवशी, सांजचं
अब्रू काढायची राहिली. डॉक्टर म्हणाला, आजी, झोप? भूक? म्हटलं, संप हाय, शिमग्यापासनं. कालिंदी मधीच तोंड घालून म्हणती, न्हाय ओ, दिवाळीपासनं. करंज्यांचं पीठ तसंच ठेवून निजल्या त्या. आगाऊ. पण खोटं न्हाय.
मग त्यानं विचारलं, डंकाच्या गिरणीत चटणी कांडताना वास कसा यायचा? आठवंनाच की! डोळ्यातनं घळाघळा. म्हटलं, मिरची लागली. दवाखान्यात मिरची कुठली!
म्हणाला, आजार हाय ह्यो, ताप येतो तसा. येड न्हाय, आळस न्हाय. गोळ्यांचा गुण यायला महिना लागंल, आणि बोलायला आठवड्याला यायचं. घेणार गोळ्या. लागू पडत न्हाईत म्हणून दाखवायला.

१९ मे
झोप लागाय लागली. पहारा ढिला पडला.
आज डंकावरनं चटणी आली. कालिंदीनं चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. मिठाचा पत्त्या न्हाय! असली आळणी चटणी दुष्मनाच्या घरात पण नसावी. उठलो. परातीत मीठ ओतलं, कोपरापातूर हात घालून कालवलं. हाताची आग आग. आणि वास आला. आला की!
कालिंदी म्हणती, आत्याबाई, हात लावणार नव्हता न्हवं?
हे लिहू नको.
लिहिलंस व्हय? आगाऊच हाईस. बरं, पुढं ल्ही, सूड बाकी हाय. आणि माझी गोळी आण.