दिवाणखान्यातून जाणारी वाट

मी खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, गावात 'भोंगा' म्हणून ओळखली जाणारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. राग शाबूत असल्याचा दाखला कोणी मागितला नाही. तो पुढे आपोआप मिळेल.

कलम १. माझी मिळकत म्हणजे दोन खोल्यांचे घर, पुस्तकांचे कपाट, तांब्याची कळशी आणि एक वाट. बाकी सारे माझ्यामागे राहील. वाटेचे तसे नाही, म्हणून आधी तिच्याविषयी.

ही वाट आमच्या वस्तीतून झऱ्याकडे जाते. गोऱ्या साहेबाने बंगला बांधला तो नेमका तिच्यावर. माझी पणजी नेहमीसारखी निघाली, पुढच्या दाराने आत शिरली, दिवाणखाना ओलांडून मागच्या दाराने झऱ्यावर गेली आणि भरली कळशी घेऊन तशीच परतली. साहेब जेवत होता म्हणतात. खटला झाला. निकाल असा, की वाट बंगल्याहून जुनी आहे. वस्तीतले कोणीतरी रोज चालेल तोवर ती मोकळी ठेवावी, खंड पडला की हक्क बुडाला. पुढे साहेब गेला, त्याचे राज्य गेले, बंगल्याचे हॉटेल झाले. नळ आल्यावर वस्तीतले बाकीचे चालायचे थांबले. त्यांना मी दोष देते. मी थांबले नाही.

हॉटेलच्या भिंतीवर पितळी पाटी आहे: 'साहेबांनी गाव वसवण्यापूर्वी येथे निर्जन रान होते.' आयुष्यभर सभांमधून विचारत आले, इथेही विचारते. निर्जन रानात वाट कोणी पाडली? खटला काय हरणांनी लढवला?

कलम २. पुस्तके हॉटेलला. ती त्या पाटीखालीच ठेवावीत. समासात मी जे लिहिले आहे ते खोडू नये.

कलम ३. माझा मुलगा त्याच हॉटेलात मॅनेजर आहे. हक्क सोडल्याचा कागद घेऊन तो माझ्या उशाशी बसला. "आई, सही कर. मालक बाहेरून पक्का रस्ता करून देतायत. तुझ्या गुडघ्यांसाठीच म्हणतोय."

"गुडघे माझे आहेत रे. वाट माझ्या एकटीची नाही."

त्याला माझा चष्मा. पाटी पुन्हा एकदा नीट वाचावी.

कलम ४. घर आणि कळशी सुनेला. गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडले, तेव्हा मुलाला वाटले की आता आपसूक मिटले. या घरात कधी आवाज न चढवलेल्या सुनेने कळशी उचलली आणि हॉटेलच्या पुढच्या दाराने आत शिरली. पाहुण्यांसमोर तो कुजबुजला, "अगं, निदान मागच्या दारानं तरी ये."

"मागच्या दारानं आत आले तर पुढच्यानं बाहेर पडेन. चालेल?"

घरी येऊन मला म्हणाली, "सासूबाई, गालिचा नवा घातलाय. पाय रुततात मेले." मी खोकला येईस्तोवर हसले.

तिने रोज चालावे. तिला जमेनासे झाले, तर वस्तीतले जे कोणी कळशी उचलेल, घर त्याचे.

कलम ५. मी जाईन त्या दिवशी सगळे माझ्याभोवती बसतील आणि वाटेत खंड पडेल, असा मालकाचा हिशेब असणार. म्हणून मला झऱ्यापलीकडे पुरावे आणि बाहेरच्या रस्त्याने नेऊ नये. पुढच्या दाराने आत, दिवाणखान्यातून, मागच्या दाराने बाहेर. दार अरुंद वाटले तर मला तिरके करावे, पण थांबू नये. दार उघडून धरायचे काम मुलाचे. मॅनेजर आहे, सवय आहे त्याला. त्यापायी नोकरी गेली तर बायकोच्या घरी राहावे, ती नाही म्हणणार नाही. पाहुणे चहा घेत असतील तर घेऊ द्यावा.

सुनेने सर्वांच्या पुढे चालावे. परतताना कळशी भरलेली असावी.

सही: भोंगा
साक्षीदार: १. शेजारची शिंपीण २. निवृत्त पोस्टमन
(दोघांनी वाचून, हसू आवरून, माझ्यासमोर सह्या केल्या.)
ठिकाण: राहते घर, झऱ्याच्या वाटेवर
दिनांक: १४ मार्च, सकाळी, पाणी आणून झाल्यावर