बोंबलाच्या वासाची माळ

नवापूर, ११ मे

ती. मंदाताईस,

आत्मारामचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून तो कागदावरच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला नाशिकच्या हवेने गेला, की हवाच त्यांना कंटाळून गेली? इकडे सगळं ठीक आहे. आंबा बरा आहे, तुझी भावजय जमुना बरी आहे आणि गेल्या रविवारपासून माझ्याशी बोलतही आहे. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी घाबरून भलतंच सांगून मोकळा होतो. कागदावर मला शेवटपर्यंत जाता येतं.

तर विषय वैष्णवीच्या माळेचा. हळदीआधी मामाने भाचीच्या गळ्यात काहीतरी घालायचं, ही आपल्या घरची रीत. ते 'काहीतरी' सोन्याचं असावं असं तू जमुनाला दोनदा सुचवलंस, तेही माझ्यापर्यंत पोचलं. पण सोनं काय, कुणीही आणतं. मी माळ स्वतः ओवायची ठरवली. तारापूरला कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेल्या माणसाला चार मणी ओवता येऊ नयेत? पालघरहून बारीक काचेचे मणी आणले, लाल, काळे, पांढरे. अकीक आणले आणि मधोमध घालायला मुद्दाम एक मोठा अकीक निवडला, चिंचोक्याएवढा, मधाच्या रंगाचा, अगदी आईच्या गळ्यात होता तसा. (तोच, जो नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून विहिरीत पडला. त्या आठवणीने तुझा चेहरा आत्ता कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय.)

मग मी माझं जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं आणि एकेक मणी मोजायला बसलो. ताई, तुला सांगतो, या मण्यांच्या धंद्यात शिस्त म्हणून नाही! एक जाड, एक चपटा, एकाचं भोक तिरकं. तीन दिवसांत निम्मे मणी नापास करून मी बशीत काढले. आपल्या वाडीवर कामाला येते ती डोंगराकडची कमळी हे सगळं बघत होती. तिच्या गळ्यात स्वतः ओवलेली निळ्या-पांढऱ्या मण्यांची अशी घट्ट पट्टी आहे की बघत राहावं. शेवटी तिला राहवलं नाही. "काका, तांदूळ निवडताय का?" म्हणाली आणि नापासांच्या बशीत सुई फिरवून एका दमात सहा मणी उचलले. चष्मा नाही, माप नाही. "मोजायचा नाय काका, बोटाला कळते." माझ्या बोटाला बत्तीस वर्षांत काहीच कळलेलं नव्हतं. मग मी मुकाट तिचा शिष्य झालो. चार वेळा तिने माझी माळ एक शब्द न बोलता उसवली. पाचव्यांदा नुसतं "हां" म्हणाली. कारखान्यात साहेबाने पाठ थोपटली होती तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

माळ झाली, पण चाचणी नको? ओवली होती तंगुसावर, म्हणजे मासे पकडायच्या नायलॉनवर, आणि तंगूस वजनाने ताणला जातो. म्हणून दोन दिवस वजन बांधून टांगून ठेवायचं ठरवलं. टांगायला सरळ, उंच, वारा खेळती जागा कुठली? शेजारच्या तानीची बोंबील वाळवायची बांबूंची वलांडी! जमुना नको नको म्हणत होती. (तिचं ऐकलं असतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं.) माळ दोन दिवस बोंबलांच्या रांगेत लटकली आणि सूतभरही वाढली नाही. चाचणीत पास. फक्त घरी आणल्यावर तिला असा वास सुटला की जमुनाने ती बाहेर ओटीवर ठेवायला लावली आणि बोलणं बंद केलं.

ओटीवरून ती मांजरीने पळवली. मी मागे, माझ्यामागे कमळी, तिच्यामागे हातात काठी घेऊन तानी, कारण तिला वाटलं मांजरीने तिचे बोंबील नेले. मांजर विहिरीच्या कठड्यावर चढली आणि तिथे बसून तिने निवांतपणे तंगूस कुरतडला. (चाचणीत दात धरलेले नव्हते.) मणी अंगणात सांडले ते कमळीने एकूण एक वेचले. मधला अकीक मात्र टप्पकन विहिरीत.

झिपरूला बोलावलं. नऊ वर्षांपूर्वी आईचा अकीक पडला तेव्हा तू पंप लावून दोन दिवस विहीर उपसायला लावली होतीस आणि गाळात उतरवलं होतंस, तोच हा झिपरू. मे महिना, पाणी तळाला. अर्ध्या तासात तो मूठ वर करून ओरडला, "आत्माकाका, गावला! आईचा गावला! तवा नाय गावला, आता गावला!" ताई, धुऊन पाहतो तो खरंच आईचा अकीक! नवा गेला गाळात आणि नऊ वर्षांनी विहिरीने आईचा परत दिला. जमुना रडली, तानीने बोंबील वाटले, झिपरूला गावाने हार घातला. तर माळेत मधोमध तोच आहे. वैष्णवीला अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा,
आत्माराम

ता. क. माळेला अजून थोडा वास आहे. दोन दिवस उन्हात ठेव. मांजरीपासून लांब.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. झिपरूने वर काढला तो पालघरचा नवा अकीक होता. सगळं गाव इतकं आनंदात होतं की मला तोंड उघडता आलं नाही. आईचा अकीक विहिरीत कधी पडलाच नव्हता. तो नऊ वर्षं माझ्या व्हर्निअरच्या पेटीत होता. आईने तो तुला द्यायला सांगितलं होतं. तू तो सासरी नेशील आणि या घरात आईचं काहीच उरणार नाही, असं मला वाटलं. पडला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो, तर तू सकाळीच पंप आणलास. मग दोन दिवस मी कठड्यावर उभा राहून झिपरूला बॅटरी दाखवत होतो. माळेत आहे तो मात्र आईचाच. कडेला टवका बघ, लहानपणी खडीसाखर समजून तूच तो चावला होतास. माझं चुकलं, ताई. झिपरूमुळे खोटं अगदी आयतं जमून आलं होतं, पण ती माळ तुझ्या लेकीच्या गळ्यात खोटं बोलून घालवेना.

ता. क. ३. माळ पाठवत नाही, इथेच आहे. तू ये आणि घेऊन जा. सहा वर्षं झाली तुला येऊन. जे काय बोलायचं ते समोर बोल, मी मधे बोलणार नाही. फक्त झिपरूला काही सांगू नकोस. त्याने हार अजून खुंटीवर जपून ठेवलाय.