येलदरीच्या चढासाठी कॅम

२९ ऑगस्ट, गुरुवार
सतीशचं पार्सल आलं पुण्याहून. आत कॅमशाफ्ट. शर्यतीचा, विलायती, नवाकोरा. हातात घेतला तो खाली ठेववेना. लगेच फोनही. "ताई, हाच टाक. आवाज ऐकून लोक रस्त्यात थांबतील."
एवढासा दांडा. पण वाल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे, किती वेळ उघडे राहायचे, सगळं हाच ठरवणार. म्हणजे गाडीचा स्वभावच.
आबांनी ही दोन सीटांची लाल गाडी हैदराबादहून ट्रकात घालून आणली तेव्हा मी शाळेत होते. बंद आली, बंदच राहिली. लोकांची इंजिनं बोअर करता करता घरचं राहून गेलं. आता दुकान मी चालवते, आबा सत्त्याहत्तरचे. मे महिन्यात एकदाचं इंजिन खाली उतरवलं. आता नाही तर कधी.

८ सप्टेंबर, रविवार
सतीश गणपतीला आलाय. जेवताना विषय काढलाच. गाडी पुण्याला नेतो, तिथे जुन्या गाड्यांचे मेळावे असतात, इथे नुसती धूळ खाईल. धाकटा भाऊ आहे की गाड्यांचा दलाल!
गेल्या वर्षी आबांनी जीप नाल्यात घातली, तेव्हा किल्ली काढून घेणारा हाच. गाडी पुण्याला गेली तर आबांना ती फोटोतच दिसणार. स्वतःची गाडी एकदाही न चालवता.
आबा भात कालवत होते. वर न बघता म्हणाले, "दसऱ्याला येलदरीला जाऊ. धरणापासून गाडी न थांबता वर आली तर सुनंदाची, हितंच ऱ्हाईल. थांबली तर तू ने."
सतीश हसला. मला तो चढ माहीत आहे. मी नाही हसले.

१५ सप्टेंबर
दोन कॅम समोर मांडून बसले. मूळचा झिजलेला, थंड, त्याचं नाव बैल. सतीशचा तो वळू.
वळूच घालते आहे. डोक्याने विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, पण विचारलंच नाही. हात सोडत नाहीत त्याला.
कॅम नेमक्या अंशावर बसवावा लागतो, आणि अंश मोजायची चकती नव्हती. स्टीलच्या ताटाला मधोमध भोक पाडलं, कडेला ३६० खुणा केल्या. माझ्याच रुखवतातलं ताट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आलं.

२२ सप्टेंबर
चालू झाली!! दुसऱ्या सेल्फला.
नव्या कॅमला लागतं म्हणून वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरली. समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊनच आली. काय तो आवाज! छातीत वाजतो. सतीशला फोनवर ऐकवला.
आबा बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते, डोळे मिटून. बरं-वाईट काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. आज कुणाचं ऐकायचंच नव्हतं.

२९ सप्टेंबर
शोभा झाली.
पेडगावच्या रस्त्याला काढली. मोकळ्या रस्त्यावर वाघीण. पुढे सोयाबीनचं मळणीयंत्र ओढत ट्रॅक्टर चाललेला, ओव्हरटेकला जागा नाही. वेग उतरला, इंजिन तीन हजारांच्या खाली आलं की जीवच नाही. धक्के, फटाके, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. शेवटी ट्रॅक्टरवाला उतरून आला. "ताई, दोर लावू का?"
लावला. लाल गाडी मळणीयंत्राच्या मागे बांधून परभणीत आणली. हॉटेलातली माणसं पुन्हा कप घेऊन बाहेर.
आबा एवढंच म्हणाले, "वळू बघायला लय देखणा. पण औताला जुपतंय का कोणी?"
"मग आधी का नाही बोललात?"
"तू ऐकायलीस कुटं!"
इतका राग आला. त्यांचा नाही.

३० सप्टेंबर
पुण्याच्या कानांनी कॅम निवडला आणि चालवायचा परभणीच्या रस्त्यावर. चढावर पुढे काय असेल ते कुणी सांगावं, शेळ्या, ट्रॅक्टर, लग्नाचा टेम्पो. दुसऱ्या गिअरात, पंधराशेवर, न कुरकुरता ओढणारा पाहिजे. पण आबांच्या गाडीत नुसता बैलही नको. वर मोकळा रस्ता मिळाला की उधळायला हवा. म्हणजे मधला. गोऱ्हा.
जुना कॅम घासून तसा करायचा ठरलं. संभाजीनगरच्या ग्राइंडरला फोन. वाल्व्हची उचल थोडी जास्त, उघडा राहण्याचा काळ बेताचा, सगळे आकडे सांगितले.
"मॅडम, जरा साहेबांना द्या फोन."
"साहेबच बोलतेय. लिहून घ्या."
घेतले.

७ ऑक्टोबर
गोऱ्हा आला. छान घासलाय, नाव ठेवायला जागा नाही. सोबत नवी टॅपेटं, कॅमच्या इशाऱ्यावर वाल्व्ह ढकलणारी. ताट पुन्हा चढवलं, अंश जुळवले.

९ ऑक्टोबर
चालू. पुन्हा वीस मिनिटं. आवाज अर्धा झाला, पण उभ्या जागी आयडलला सुरेख चालते. पेडगावला जाऊन आले, कुठेही बंद नाही.
फक्त एक टॅपेट वाजतंय. टिक टिक टिक. पुन्हा उघडू? परवा सकाळी बघतेच.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी दुकानात गेले तर सगळी हत्यारं पाटावर. पाने, फीलर गेज, डायल गेज, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. रुखवताचं ताटसुद्धा! आबा कधी नाही ते सातलाच दुकान पुजून मोकळे.
"आबा, एक टॅपेट बघायचंय. पाचच मिनिटं."
"आता हत्यार उचलायचं न्हाई. उद्या सीमोल्लंघन झाल्यावर."
दुपारी सतीश आला. गाडी चालू करून ऐकली आणि म्हणाला, "इतका मऊ आवाज? ताई, अजून वेळ आहे, माझा कॅम परत घालू." आबांनी पाटाकडे बोट केलं. मी आतून खदखदतेय. ती टिकटिक कानात बसलीय.

१२ ऑक्टोबर, दसरा
चढली!!!
धरणाशी गाडी वळवली. शेजारी आबा, मागे सतीश त्याच्या गाडीत. दुसरंच वळण, आणि पुढे मळणीयंत्र! तसंच, ट्रॅक्टरला जोडलेलं. दुसरा गिअर, पंधराशे, मग तेराशे. चालत्या माणसाने मागे टाकावं इतकी हळू. आता बंद पडणार, आता… नाही पडली. ओढत राहिली, ओढतच राहिली. माथ्यावर ट्रॅक्टरवाल्याने वाट दिली, मी पाय दाबला आणि गोऱ्हा असा काही सुटला की आबांची टोपी मागे रस्त्यावर! सतीशने थांबून उचलली. म्हणजे थांबला तो, मी नाही.
मी रडले. आबा हसत होते, दात नसलेलं, पोटभर.
"आणि ते टॅपेट, आबा?"
"वाजतंय म्हंजी फट हाय, वाल्व्ह नीट मिटतोय. वाजायचं थांबलं की मंग भ्यायचं. तुझ्या हाती पाना ऱ्हायला असता तर तू दसऱ्यापत्तुर खोलतच बसली असतीस. म्हनून सकाळीच पुजून टाकलं."
सतीशने सोनं दिलं, पाया पडला. "ताई, तुझीच गाडी." मनापासून म्हणाला.
संध्याकाळी किल्ली दुकानातल्या खिळ्याला अडकवली. आबा बघत होते. सतीश हळूच म्हणाला, "त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नको." मी हो म्हटलं नाही. हलवलीही नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
पाणी भरत होते. शेडमधून सेल्फचा आवाज. सतीश टॉवेलवर धावत बाहेर. "ताई, अडव त्यांना!"
मी फाटकात होते. अडवता आलं असतं. फाटक उघडलं.
आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, रस्त्याकडे बघत होते. टोपी घट्ट बसवलेली. पहिला गिअर. दुसरा, जरा खरखरला. मग पेडगावच्या वळणावर तिसरा, लोण्यासारखा. चाळीस वर्षं वाट पाहून पठ्ठ्याने तिसरा टाकला!
सतीश गाडी घेऊन मागे गेलाय. मी ओट्यावर बसून लिहितेय, कान रस्त्याकडे. लांबून काहीतरी येतंय. मळणीयंत्र असेल. त्यामागे आमची टिकटिक ऐकू येते का बघते.