आजची पट्टी तीन प्लस

७ फेब्रुवारी २०२५
पट्टी: तीन प्लस. पाय सुजलेले. बिनमिठाचं बांगड्याचं कालवण — शिक्षा काय असते ते मला विचारा!

ही वही डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवून प्रथिनांची रोज नोंद करायला दिली. उरलेली जागा माझी.

आज जनुकांचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाच्या गाळणीत पोडोसिन नावाचं प्रथिन असतं, ते गाळणी घट्ट धरून ठेवतं. माझं मुळातच बिघडलेलं. स्टेरॉइडचा उपयोग नाही, गोळ्या हळूहळू बंद करणार. दोन वर्षं तोंडाचा भोपळा झाला तो फुकटच! त्या जनुकाची खराब प्रत एक आईकडून, एक बाबांकडून. दोघंही धडधाकट.

आत्याचा फोन — "आमच्या घराण्यात असला काय नाय. ह्या वैनीच्या माहेरचा." आई भांडी घासत राहिली. ऐकून घेते म्हणून मला आईचाच राग आला.

१२ फेब्रुवारी
रविवारी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्षयाताईची सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं करायचं, आत्याच्या मुलाशी, नितेशशी. भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क — आमच्या पालीत, अख्ख्या वस्तीत, याला कोण नाही म्हणतो? ताईलाही तो आवडतो, हे खरं. पण दोघांतही ती खराब प्रत निघाली तर चारातलं एक मूल माझ्यासारखं. आधी रक्त तपासा म्हटलं. बाबा: "सुपारी होऊ दे, मग बघू." ताई: "शमे, माझं मोडू नको गं." खूप रडले. तरी गप्प बसणार नाही.

१६ फेब्रुवारी
बोलले! सगळे बसलेले, सुपारी ताटात, आणि मी रिपोर्ट वाचला. 'एक प्रत वडिलांकडून' हे दोनदा वाचलं. बाबांनी मान खाली घातली. आत्या: "आजारी माणसान शुभकार्यात तोंड घालू नये." म्हटलं, तुझ्याच नातवंडांसाठी घालतेय.

सुपारी फुटली नाही. ताई बोलत नाही. आई मात्र आज सगळ्यांबरोबर पंगतीत जेवायला बसली.

१८ फेब्रुवारी
पट्टी: तीन प्लस. पश्चात्ताप: शून्य.

१९ फेब्रुवारी
सकाळी आत्या एकटीच मागच्या दारी आली. माझ्या पायावर बोट दाबून खड्डा बघत राहिली. "माझी लेक तुळसा अशीच सुजून गेली. नितेशच्या आधीची. तीन वर्षांची होती. सगळी म्हणाली, आईचाच दोष." मग तिने आईचा हात धरला. "नितेश बाहेर रिक्षात हाय. रक्त कुठे द्यायचा?"