घरी चालू असलेली औषधं

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, आणि बरोबरच करतेस. म्हणून हे पत्र भाऊजींच्या हाती देतो आहे. फाडण्याआधी एकदा वाच.

बाबांना अतिदक्षता विभागात ठेवून आज सहावा दिवस. मानेतल्या जाड नळीतून त्यांचं रक्त कपाटाएवढ्या यंत्रात जातं आणि गाळून परत येतं. नेहमीचं डायलिसिस चार तासांत उरकतं, पण इतक्या खालावलेल्या रक्तदाबाला ते झेपलं नसतं. म्हणून हे असं संथ, अखंड. बाहेर फिरून आलेलं रक्त थंडावतं, त्यामुळे हात गार असतात. खाली पिवळसर पाण्याची पिशवी भरत जाते. काल गाळणीत रक्त गोठलं, यंत्र किंचाळू लागलं. सिस्टरनं शांतपणे सगळा संच बदलला. मी बाहेर पळालो.

बाहेर काका बाकावर पाय पसरून, संत्रं सोलत, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या नावानं ऐकवतात, "आमच्या वैद्यीणबाईंनी मुळ्यांची पूड चाटवली आणि माझ्या भावाच्या किडन्या खाल्ल्या!" ऐकणारे हळहळतात. काका मला एक फोड देतात. मी ती घेतो, ताई. चावून गिळतो.

दाखल करताना फॉर्म भरायला दिला होता. त्यात एक रकाना होता, 'घरी चालू असलेली औषधं'. मी तिथं तुझी पूड लिहिली, ठळक अक्षरांत. ती तर त्यांनी दोनदाच घेतली, तोंड वाकडं करून. पाठदुखीच्या गोळ्या मात्र लिहिल्या नाहीत. रोज एक, तीही पाचच दिवस, असं आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मी दिवसाला तीन दिल्या, तीन आठवडे. ताप चढला, उलट्या लागल्या, पाणी पोटात ठरेना, तरी दिल्या. बाबांना आराम पडावा म्हणून, असं डायरीत लिहून ठेवलंय. तेही धड खरं नाही. त्यांचं कण्हणं भिंतीपलीकडून यायचं आणि मला माझ्या कामात शांतता हवी होती. डायरीचं ते पान वाचवत नाही. इतकं सुवाच्य आहे.

आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. जंतुसंसर्ग तर आधीच होता, त्यात गोळ्यांनी घात केला. मूत्रपिंडं सावरतील की नाही, आत्ता सांगता येत नाही. मग काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरतोस? तिच्यावर गेलंय ना, जाऊ दे की." त्यांची शिसारी आली, आणि मग आठवलं, सहा दिवस मीही मनात हेच घोकत होतो. "काका भडकलेत, तू येऊ नकोस" असा फोन मी तुला केला, तेव्हा काका काहीच म्हणाले नव्हते. तू डॉक्टरांशी बोलशील, गोळ्यांचं विचारशील, याची मला भीती होती.

माफी मागत नाही. मागितली तर मलाच हलकं वाटेल. भेटायला रोज एकालाच सोडतात, चार ते साडेचार. उद्याच्या पासावर तुझं नाव लिहून दिलंय. बाबा डोळे उघडतीलच असं नाही. उजवीकडून जा, नळीला धक्का नको. हात गार लागले तरी धरून ठेव. आणि बाकावरच्या माणसांना घाबरू नकोस. तू येण्याआधी त्या सगळ्यांना, काकांसमोर, मी खरं काय ते सांगितलेलं असेल.

तुझाच,
धाकटा