शून्याची नोट

तीर्थरूप अण्णांना थोरलीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईच्या गुडघ्याला उतार पडला का? आणि मी नोटा छापते असं ती शेजारी सांगत सुटलीय, ते आधी थांबवा! मी किल्ल्याच्या दुकानात त्या नुसत्या विकते. नोटेवर किल्ल्याचं चित्र आणि खाली शून्य छापलेलं असतं. लोक हौसेने जमवतात.

काल एका आजींनी नोट घेतली आणि समोरच्या चहावाल्याला दिली. तो हसला. आजी तरातरा परत आल्या. "शिकलेली दिसतेस, आणि मला खोटी नोट देतेस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदरचे पैसे परत केले. त्यांनी ते घेतले आणि नोटही पिशवीत टाकली. "राहू दे, किल्ला छान आहे."

मालक म्हणाले, "शून्य ठळक छापलंय. यात फसवणूक कसली?" तेही खरंच. पण आजींना वाचता येत नव्हतं. अण्णा, तुम्हीही हे पत्र धाकटीकडून ऐकताय.

आज मी प्रत्येकाला बजावलं, "ही कुठे चालत नाही हं." एकजण म्हणाला, "मग दोन द्या."

आता मला काहीच कळेनासं झालंय. या नोकरीत कायम राहते की नाही ते महिनाअखेरीपर्यंत मालकांना सांगायचंय. तुम्ही माझ्या जागी असता तर राहिला असता का?

धाकटे, अण्णा बोलतील ते जसंच्या तसं लिही. तुझं शहाणपण मधे घालू नकोस.

तुमची,
थोरली