पोरं इथंच शिकून राहिली

मुक्काम अमरावती, फाल्गुन वद्य सप्तमी

राजमान्य राजेश्री भगवंतराव यांस, तुमच्या बहिणीचा धनी नत्थुजी याचा रामराम. तेल्हाऱ्यास तुम्ही सर्व धडधाकट असाल, तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल, आणि चि. जानराव मामाच्या घरी दूधतूप ओरपून राहिला असेल, असं धरून चालतो. आम्ही इथं खाऊन-पिऊन राहिलो आहोत. झोपेचं तेवढं विचारू नका.

आधी हिशेब सांगतो, कारण माझं पत्र हाती पडलं की तुम्ही सगळ्यात खाली किती लागले तेच शोधता. शाळेची फी महिना तीन रुपये, जेवणखाण धरून. ती शाळा नुसती पाहून येण्याला मला जे लागलं ते असं : दमणीच्या चाकाचा एक आरा, डाव्या बैलाची झोप, पुंजाराम गाडीवानाची एकनिष्ठा (एरवी हा माणूस फक्त मारुतीला मानतो, परत येताना त्यानं वाटेतल्या शेंदूर फासलेल्या प्रत्येक दगडाला नारळ कबूल केला), आणि तुमच्या बहिणीचा माझ्यावरचा भरवसा, जो तसाही फार शिल्लक नव्हता. जोड्यांचा हिशेब पुढे येईल.

आता मुळापासून सांगतो. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ लढून राहिले आणि इकडे आपल्या कापसाच्या शिवारात रुपये उगवून राहिले, हे तुम्हाला सांगायला नको. डोक्यावर सरकीचं पोतं वाहणारा मी आज अडत्या म्हणून गादीवर बसतो ते कशाच्या जोरावर? कानाच्या. कापसाची मूठ कानाशी धरून दाबली की माल ओला आहे की सुका, आणि विकणारा खरं बोलून राहिला की खोटं, दोन्ही मला एकदमच ऐकू येतं. पण जानरावाला मी गादीवर बसवणार नाही. लढाई आज ना उद्या थांबेल, भाव पडेल, आणि कान काही वारशानं मिळत नाहीत. (त्याचे कान तुमच्यावर गेले आहेत. राग मानू नका, दिसायला मोठे आहेत.) पुण्या-मुंबईच्या शाळांचा खर्च ऐकून मी पाणी मागवलं. तेवढ्यात बाजारात एक छापील जाहिरात कोणीतरी वाचून दाखवली : सातपुड्याच्या पलीकडे, नागपूरवाल्या साहेबाच्या मुलखात, पाटणखेडी नावाच्या खेड्यात सरकारी मोठी शाळा, हवा निर्मळ, मुलखातल्या पोराला दीड रुपया, बाहेरच्याला तीन. आपण बाहेरचे की आतले, यावर बाजारात तासभर वाद झाला. कागदावर आपण निजामाचे, वसुली साहेब करतो, म्हणजे अर्धे आत धरून सव्वादोन द्यावेत असं माझं मत होतं. ते असो. त्याच भरात मी चार माणसांत बोलून बसलो की आपला जानराव यंदा साहेबाच्या शाळेत जाणार. जानरावालाही सांगून टाकलं. तो त्या दिवसापासून जमिनीवर पाय ठेवत नाही, हे तुम्ही पाहतच असाल.

तुमची बहीण मात्र पोळी लाटता लाटता थांबली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "जा, पाहून या. बाकी काही इचारू नका. तिथली पोरं घरी येतात काय, येवढं इचारून या."

मी म्हटलं, एवढंच ना? शंभर गोष्टी विचारून येतो.

परतवाड्यापर्यंत प्रवास म्हणजे वरात होती. घाट चढलो आणि सेमाडोहाच्या पुढे माझ्या कानांना एक गोष्ट खटकू लागली. रान बोलत नव्हतं. फाल्गुनातलं रान, भगवंतराव, पानगळीनं नुसतं कुरकुरतं, वानरं शिव्या देतात, मोर ओरडतात. इथं आमच्या चाकाचा आवाज तेवढा आमच्या मागून येत होता, आणि तोही जरा उशिरानं, जणू आणखी एक गाडी थोडं अंतर ठेवून येते आहे. एका मोहाखाली कोरकू लोकांनी मेलेल्यांसाठी उभ्या केलेल्या कोरीव सागाच्या फळ्या होत्या. चंद्र, सूर्य, घोडेस्वार. पुंजाराम म्हणाला, "मालक, शाळेच्या पाट्याच हायेत जनू." मी त्याला गप्प बसवलं. तो बिचारा पुढे दोन दिवस गप्पच बसला, आणि मग मला फार वाटलं की यानं काहीतरी बोलावं.

पाटणखेडीला आम्ही होळीच्या आधीच्या बुधवारी, भर दुपारी पोचलो. डोक्यावर ऊन, पायाखाली सावली नाही. माळावर चुन्यानं रंगवलेली लांबलचक इमारत, कौलं नवी, दारापुढे पायऱ्या. आजूबाजूला घर म्हणाल तर एक नाही, कुत्रं म्हणाल तर एक नाही. पायरीवर एक म्हातारा शिपाई बसला होता, नाव चंद्रभान, साहेबाबरोबर पुण्याकडून आलेला. बोलणं गोड आणि संथ. मी विचारलं, पोरं कुठं आहेत? तो हसला आणि म्हणाला, "पोरं ना? ती सगळी इथंच शिकून राहिली."

बरं, शिकून राहिली तर शिकून राहू द्या. अभ्यासात खंड नको म्हणून मी जोडे पायरीवर काढले आणि चवड्यावर दाराशी गेलो. दार लोटायच्या आधीच मला पाढ्यांची घोकणी ऐकू आली. शंभर गळ्यांची असावी अशी, खालच्या पट्टीत, एका सुरात. मला भरून आलं. म्हटलं, तीन रुपयांत एवढं!

दार लोटलं. आत कोणी नव्हतं.

चटया ओळीनं अंथरलेल्या. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर पोरांची पागोटी, आणि पागोट्यांवर बोटभर धूळ. दौतींतली शाई मात्र ओली. (मी बोट बुडवून पाहिलं. अजून निघालेली नाही.) शेवटची एक खुंटी रिकामी, तिच्या खालची चटई कोरी करकरीत. आणि घोकणी चालूच. भिंतीतून म्हणा, जमिनीतून म्हणा, सगळीकडून. पुंजाराम दारातून म्हणाला, "मोहोळ असन मालक, आढ्याले." मीही वर पाहिलं. मोहोळ होतं, खोटं कशाला बोलू, चांगलं सुपाएवढं होतं. म्हटलं, चला, मोहोळच! आणि तेवढ्यात त्या गुणगुणीतून एक आवाज वेगळा निघाला आणि स्पष्ट म्हणाला, सात साते सत्तेचाळीस.

भगवंतराव, मिसरूड फुटलं तरी सात साते सत्तेचाळीस म्हणणारा पोरगा अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो त्या दिवशी तुमच्या घरी होता.

त्या चुकीसरशी सगळी घोकणी थांबली. पंतोजी छडी उचलतो तेव्हा वर्ग थांबतो, तशी. माझ्या मागे चंद्रभान येऊन उभा होता. म्हणाला, "आवाज छान घुमतो, नाही? शेवटची एकच जागा आहे हो. पोराचं नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलंच नव्हतं. आणि का कोण जाणे, त्या क्षणी कोणी तिजोरी दिली असती तरी सांगितलं नसतं.

मी घाबरलो असं समजू नका. नत्थुजी घाबरत नसतो. मी शांतपणे वळलो, चंद्रभानला रामराम केला, हवापाण्याची दोन शब्दांत तारीफ केली, एकेक पायरी उतरलो आणि लग्नाच्या मांडवातून निघावं तसा रुबाबात दमणीत येऊन बसलो. बैल तेवढे उधळले, त्याला मी काय करणार? त्यातच आरा गेला.

इथं आल्यावर कचेरीतल्या पुण्याकडच्या कारकुनाला सहज म्हणून हकीगत सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मोहोळाला मान डोलावली, पण शिपायाच्या त्या शब्दाशी अडला. म्हणाला, "नत्थुजी, 'शिकून राहिली' म्हणजे तुमच्या वऱ्हाडात शिकत आहेत. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ, शिकली आणि तिथंच राहिली." मी म्हटलं, राहिली म्हणजे नोकरीला राहिली? तो म्हणाला, "नोकरीला राहिली असतील." मी म्हटलं, नाही तर? त्यानं तपकिरीची चिमूट ओढली, शिंकला, आणि दप्तर पुढे ओढून लिहायला लागला.

घरी तुमच्या बहिणीनं मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि बंबात पाणी तापत ठेवलं. मग विचारलं, "पोरं घरी येतात काय?" मी फी सांगितली. हवा सांगितली. कौलं नवी आहेत तेही सांगितलं. ती म्हणाली, "मी काय इचारलं?" आणि आत गेली. तेव्हापासून घरात स्वयंपाक होतो, वाढलं जातं, आणि शब्द ऐकू येत नाही. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला ही शिक्षा तुम्ही समजू शकाल.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, गुडघ्याला तिळाचं तेल.

तुमचा,
नत्थुजी

ता. क. होळीच्या आधीच्या बुधवारी, भर दुपारी, जानराव कुठं होता ते पाहून लिहा. झोपला असेल तर झोपेत काही बोलला काय, तेही. त्याला कळू न देता विचारा.

पुन्हा ता. क. खरं काम आता सांगतो. अक्षय्य तृतीयेच्या आत शाळेला होकार किंवा नकार द्यायचा आहे. बाजारात मी बोलून बसलो आहे आणि जानरावानं पेटी भरून ठेवली आहे. तुमची बहीण म्हणते, भगवंतदादानं जाऊन स्वतःच्या कानानं ऐकून सांगितलं तर मी मानीन, होय असो की नाही. तरी आपण एकदा पाटणखेडीला जाऊन यावं. दमणी माझी, बैल माझे. गाडीवान तुमचा आणा, पुंजाराम येत नाही म्हणतो. चंद्रभानला एकच विचारायचं : राहिली म्हणजे कशी राहिली? आत जायची गरज नाही. जानरावाला बरोबर नेऊ नका. त्याचं नाव तर सांगूच नका.

आणखी एक. जोडे नदीत वाहून गेले असं मी घरी सांगितलं आहे. फाल्गुनात त्या नदीला घोट्याएवढंही पाणी नसतं, हे तुमच्या बहिणीला ठाऊक आहे. लाल चामड्याचे आहेत, अकोल्याला याच हंगामात शिवून घेतले होते. त्या शाळेच्या वरच्या पायरीवर, दाराकडे चवडे करून, जसे काढले तसे अजून तिथंच आहेत.